पहिला पिवळा चीक खराब नसतो
कोल्हापुरात म्हैस व्याली की चिकाचा खरवस शेजारीपाजारी आवडीनं वाटतात. बाळंतिणीचा चीक मात्र काही घरांत अजूनही ‘खराब दूध, बाळाला पचत नाही’ म्हणून पिळून टाकतात आणि बाळाच्या तोंडाला गुळाचं पाणी लावतात. बघून जीव तुटतो. तो दाट पिवळा चीक म्हणजे रोगाशी लढणारी प्रतिपिंडं, प्रथिनं आणि ‘अ’ जीवनसत्त्व. ‘एवढ्याशा थेंबांनी पोट कसं भरणार?’ असं आजी विचारतात. पण पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी चमचाभरच लागतं! जन्मल्यावर तासाभरातच अंगावर पाजा. सिझेरियन झालं तरी पाजता येतं. गुळाच्या पाण्यातून जंतू पोटात जाऊ शकतात, शिवाय मग बाळ अंगावर नीट ओढत नाही. भरपूर दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, तोवर चीक पुरतो.