मोलॅरिटी आणि मोलॅलिटी: छेदात काय आहे ते आधी बघा

शेजारची बारावीतली मुलगी रविवारी वही घेऊन आली. "काका, दोन्हींचं उत्तर ०.२ च येतंय. मग दोन नावं कशाला?"

गणित साधं होतं. ५.८५ ग्रॅम मीठ. एकदा ५०० मिलिलिटर द्रावणात (मोलॅरिटी), एकदा ५०० ग्रॅम पाण्यात (मोलॅलिटी). मोल हे कणांच्या संख्येचं माप; मिठाचं मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचं वजन, ५८.५ ग्रॅम, म्हणून मीठ ०.१ मोल. त्याला ०.५ ने भागलं की दोन्हीकडे ०.२. तिचं काहीच चुकलं नव्हतं. पातळ द्रावणात हे आकडे जवळपास सारखे येतात, आणि गृहपाठातली गणितं बहुतेक पातळ द्रावणांचीच असतात. म्हणून फरक कळायचा राहूनच जातो.

मग मी साखर घेतली. साखरेचा एक मोल म्हणजे ३४२ ग्रॅम. एवढी साखर एक किलो पाण्यात विरघळवली तर मोलॅलिटी बरोबर १, कारण तिच्या छेदात फक्त द्रावक (ज्यात विरघळवतो तो पदार्थ, इथे पाणी) असतो, तोही किलोग्रॅममध्ये. पण पाक करताना पातेल्यात बघितलं असेल, साखर विरघळली तरी पातळी वर चढलेली असते. इथे द्रावण होतं सुमारे १.२१ लिटर. मोलॅरिटीच्या छेदात हे सगळं द्रावण येतं, लिटरमध्ये. १ भागिले १.२१, म्हणजे साधारण ०.८३. साखर तीच, पाणी तेच, आकडे वेगळे.

१ मोलर (म्हणजे मोलॅरिटी १) द्रावण हवं असेल तर साखर आधी थोड्या पाण्यात विरघळवायची आणि मग फ्लास्कच्या मानेवरच्या रेघेपर्यंत पाणी भरायचं. एक लिटर पाणी मोजून ओतणं ही मला सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक.

चिन्हंही फसवी आहेत: मोलॅरिटीला कॅपिटल एम, मोलॅलिटीला स्मॉल एम. घाईत लिहिलेल्या वहीत दोन्ही सारखेच दिसतात. मी मुलांना एकक शब्दांत लिहायला लावतो.

दोन्ही लागतात कशाला? टायट्रेशनमध्ये (एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून त्याचं प्रमाण काढताना) ब्युरेट, म्हणजे खुणा असलेली काचेची नळी, आकारमान मोजते, तिथे मोलॅरिटीच सोयीची. पण आकारमान तापमानाबरोबर बदलतं. २० अंशाला १ मोलर असलेलं पातळ जलीय द्रावण पुण्याच्या एप्रिलमधल्या दुपारी ४० अंशापर्यंत तापलं, तर ते साधारण ०.९९४ मोलर उरतं. वजन मात्र तेच राहतं, म्हणून मोलॅलिटी हलत नाही. उत्कलनबिंदूतल्या वाढीच्या गणितात मोलॅलिटी येते ती यामुळेही: तिथे द्रावण तापवायचंच असतं. १ मोलॅल साखरेच्या द्रावणाचा उत्कलनबिंदू पाण्यापेक्षा सुमारे ०.५२ अंशाने वर जातो. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर असल्याने आपल्याकडे पाणी ९८ अंशाच्या आसपासच उकळतं, पण गणितात १००.५२ लिहायचं, कारण तिथे दाब एक वातावरण धरलेला असतो.

खरा फरक बघायचा असेल तर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घ्या: वजनाने ९८ टक्के, घनता १.८४ ग्रॅम प्रति मिलिलिटर, मोलॅरिटी १८.४. मोलॅलिटी किती? रूपांतराचं सूत्र पाठ करायला मी सांगत नाही. एक लिटर द्रावण डोळ्यांसमोर आणायचं. त्याचं वजन १८४० ग्रॅम. त्यात आम्ल १८.४ मोल गुणिले ९८ (आम्लाचं मोलर वस्तुमान), म्हणजे १८०३.२ ग्रॅम. उरलं पाणी ३६.८ ग्रॅम, म्हणजे ०.०३६८ किलो. १८.४ ला त्याने भागा: ५००.

ती वहीत बघत राहिली. "एकाच बाटलीचं १८.४ आणि ५००?" हो, कारण त्या बाटलीत पाणी जवळजवळ नाहीच.