एमजीएचा मागचा डिफरन्शियल: ४.३ आणि ३.९ यांत एका दात्याचा फरक

धुळ्यातल्या गॅरेजात मिस्त्रींनी दोन्ही डिफरन्शियल (इंजिनाची फिरकी मागच्या चाकांना वाटून देणारा गिअरसंच) फळीवर शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाले, "भाऊ, दोन्ही एकच शेतस!" दिसायला तसेच होते. एक माझ्या एमजीएतून (एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी स्पोर्ट्स गाडी) काढलेला, दुसरा तिच्यानंतर आलेल्या एमजीबीचा, ३.९चा म्हणून मागवलेला. ऑइल पुसलं, खडूने खूण केली आणि पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, फिरवत दाते मोजले. क्राऊनला, म्हणजे मोठ्या दातेरी चाकाला, दोन्हीकडे ४३, पिनियनला दोन्हीकडे १०. म्हणजे विकणाऱ्याने जुन्या रेशोचाच (क्राऊनचे दाते भागिले पिनियनचे दाते) माल पाठवला होता. तो परत केला. बदली आला त्याच्या पिनियनला ११ दाते निघाले.

सगळा फरक त्या एका दात्याचा. ४३ भागिले १० म्हणजे ४.३, एमजीए १५०० आणि १६००चा मूळ रेशो. ४३ भागिले ११ म्हणजे ३.९०९, एमजीबीचा. मूळ मापाच्या टायरवर टॉप गिअरमध्ये ताशी ८० किलोमीटरला ४.३ असेल तर इंजिन साधारण २,९०० फेरे मारतं, ३.९ असेल तर २,६५०. धुळ्याहून जळगावकडे सपाट रस्ता आणि मे महिन्याचं ऊन, तेव्हा हे अडीचशे फेरे कानाला आणि ऑइलच्या तापमानाला लगेच कळतात. पण दर आठवड्याला कन्नड घाट चढायचा असेल तर ४.३ काढू नका. चढावर ओढ त्याचीच जास्त. मला सपाटीवरच फिरायचं असतं, म्हणून मी ३.९ घेतला.

क्राऊन दोन्हीकडे ४३चाच, मग नुसता पिनियन बदलला तर? मिस्त्रींनीही विचारलं. अजिबात नको. क्राऊन आणि पिनियन एकमेकांवर घासून जोडीने बसवलेले असतात. जोडी मोडली की मागून घरघर सुरू होते आणि दाते खाल्ले जातात.

आणखी एका ठिकाणी फसगत होते. एमजीबीमध्ये मागचे अ‍ॅक्सल दोन प्रकारचे आले. १९६२पासूनच्या उघड्या गाड्यांना बँजो होता. जीटीला, म्हणजे बंद छताच्या एमजीबीला, १९६५मध्ये ती आली तेव्हापासूनच, आणि उघड्या गाड्यांना १९६७पासून सॅलिसबरी. रेशो दोन्हीत ३.९०९च. एमजीएत फक्त बँजोमधला बसतो. ओळखायला गाडीच्या मागे वाका: पाठ गुळगुळीत, बोल्ट नाहीत, तर बँजो, बोल्टने आवळलेलं झाकण दिसलं तर सॅलिसबरी. बँजोत दोन्ही हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचे दांडे) बाहेर ओढायचे, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागे येणारा लांब दांडा) सोडायचा, नट काढायचे, की अख्खा डिफरन्शियल सेट केलेल्या क्राऊन-पिनियनसकट पुढून हातात येतो. सॅलिसबरीत ती जोडी हाऊसिंगमध्येच शिम (पातळ चकत्या) लावून बसवलेली असते. ते काम सराईत हाताचंच.

पैसे देण्याआधी हाफ शाफ्टच्या खाचा आणि प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजची भोकं आपल्या गाडीशी जुळवून बघा. डिफरन्शियल अजून गाडीखालीच असेल तर गिअर न्यूट्रल करून एकच मागचं चाक जॅकवर उचला आणि बरोबर दोन फेरे फिरवा. प्रोपेलर शाफ्ट चार फेऱ्यांना जरा कमी फिरला तर ३.९, चारच्या पुढे गेला तर ४.३.

स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून येते, त्याला मागचा बदल कळत नाही. पारोळ्याच्या रस्त्यावर काटा ८० दाखवतो तेव्हा माझी गाडी ८८ने पळत असते. काचेवर खडूची एक रेघ मारून ठेवली आहे.