टँक (शब्द)

टँक : द्रव वा वायू साठविण्याचे मोठे, बहुधा बंदिस्त पात्र या अर्थाचा इंग्रजी शब्द. रणगाडा हा त्याचा दुसरा रूढ अर्थ. भारतातील इंग्रजीत तलाव, देवळापुढील पुष्करिणी किंवा बांध घालून अडविलेले सिंचनाचे तळे असाही अर्थ आहे आणि तिन्हींत तोच सर्वांत जुना होय. सतराव्या शतकाच्या आरंभी भारताविषयी लिहिणारे इंग्रज हा शब्द याच अर्थाने वापरतात. पात्र हा अर्थ त्या शतकाच्या अखेरीस आला असावा.

व्युत्पत्तीविषयी दोन पक्ष आहेत. पहिल्या पक्षानुसार शब्द पश्चिम भारतातील : मराठी टांके (टाके), गुजराती टांकूं, राजस्थानी टांका. हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांच्या हॉब्सन-जॉब्सन (१८८६) या भारतातील इंग्रजी शब्दांच्या कोशात ही रूपे नोंदली आहेत. वस्तूचे साम्यही लक्षणीय आहे. अहमदाबादच्या पोळांतील (जुन्या मोहल्ल्यांतील) जुन्या घरांत चौकाखाली पावसाच्या पाण्याचे टांके असते. वरून फरसबंदी आणि भांडे सोडता येईल एवढेच तोंड. सह्याद्रीतील किल्ल्यांवरची टाकी कातळात खोदलेली असतात. शिवनेरीवरील गंगा-जमुना ही त्यांतली प्रसिद्ध जोडी. ज्यांचे छत कातळातच राखलेल्या खांबांवर तोललेले असते, त्यांना खांबटाकी म्हणतात. सावलीमुळे त्यांचे पाणी उन्हाळ्यातही गार राहते.

या देशी शब्दाचे मूळ काहींनी संस्कृत तडाग यात शोधले. ध्वनिदृष्ट्या तडागाला तळे जवळचे, टाके नव्हे. त्यापेक्षा टङ्क म्हणजे पाथरवटाची छिन्नी हे मूळ अधिक संभवते. मराठीत त्या छिन्नीला टाकीच म्हणतात (‘टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही’), आणि कोरड्या टाक्यात उतरले तर भिंतीवर तिरक्या घावांच्या समांतर रेघा हाताला लागतात. मात्र वस्तू जुनी म्हणून तिचे नावही तितकेच जुने, असे धरता येत नाही. कान्हेरी, नाशिक येथील लेण्यांच्या प्राकृत शिलालेखांत अशा टाक्यांच्या दानांचे उल्लेख येतात, ते पोढी या शब्दाने.

दुसऱ्या पक्षानुसार शब्द पोर्तुगीज आहे : टांके, म्हणजे जलाशय. तो एश्तांकार (प्रवाह अडविणे) या क्रियापदाशी संबद्ध असून स्पॅनिश एस्तांके (तळे) हा त्याचा भाऊबंद ठरतो. या पक्षाचा मुख्य आधार वास्को द गामाच्या पहिल्या सफरीची दैनंदिनी हा आहे. मे १४९८ मध्ये कोळिकोडला पोहोचलेल्या या खलाशांनी तेथील एक देऊळ चर्च समजून पाहिले आणि त्याच्या दगडी पुष्करिणीला दैनंदिनीकाराने काही खुलासा न करता टांके म्हटले. किनाऱ्यावर उतरून थोडेच दिवस झाले होते. शिवाय तेथील मल्याळम शब्द कुळम् किंवा चिरा. तेव्हा लेखकाने हा शब्द घरूनच आणला होता, असे मानणे सयुक्तिक दिसते. वाटेत आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मालिंदी बंदरात गुजराती व्यापारी भेटत, हा आक्षेप घेता येतो. पण तेवढ्यावर फार भार टाकता येणार नाही.

यूल व बर्नेल यांनी शब्दाचे मूळ दुहेरी दिसते असे म्हणून दोन्ही बाजू मांडल्या. इंग्रजीने शब्द पोर्तुगिजांकडून उचलला आणि सुरतेच्या परिसरात तसाच देशी शब्द कानी पडल्याने तो पक्का झाला, हे मत आज अधिक ग्राह्य वाटते. दोन्ही शब्द मुळात एकच, असे त्यावरून सिद्ध होत नाही.

रणगाडा हा अर्थ, उलट, जवळजवळ महिन्यानिशी सांगता येतो. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील लिंकन येथे बांधल्या जाणाऱ्या चिलखती गाड्यांना आरंभी ‘जमिनीवरची जहाजे’ म्हणत. गुप्ततेसाठी डिसेंबर १९१५ मध्ये दुसरे नाव शोधण्यात आले. हौद, पात्र अशा अर्थाचे इतर शब्द मागे पडून आखूड असलेला टँक टिकला. कारखान्यात हे मेसोपोटेमियासाठी पाणी वाहून नेणारे गाडे असल्याची समजूत पसरू दिली होती. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधील फ्लेर-कुर्सलेत येथे ते प्रथम लढाईत उतरले, आणि बनावट नावच खरे नाव झाले. रशियनसह अनेक भाषांनी ते उचलले. मराठीने रणगाडा घडविला.

मुंबईत जुना अर्थ स्थळनामांत उरला आहे. बाणगंगा टँकमध्ये पाणी आहे, सी. पी. टँकला आणि १९४२ च्या ‘छोडो भारत’ ठरावामुळे गाजलेल्या गवालिया टँकला ते नाही. मराठीत घरावरची व मोटारीची ती टाकी, शौचालयाचा मात्र सेप्टिक टँक. उन्हाळ्यात गावात येतो तो टँकर.