ऑफिसर व्हायचंय, मग कॉलेज कोणतं?

लष्करी ऑफिसर निवडणाऱ्या मंडळापुढे, म्हणजे एसएसबीला गेलेल्या प्रत्येकाने पीआयक्यू नावाचा फॉर्म भरलेला असतो. दहावी, बारावी, पदवीचे टक्के, शाळा-कॉलेजचं नाव, आणि त्याखाली एनसीसी, खेळ, इतर उपक्रम, सांभाळलेल्या जबाबदाऱ्या असे रकाने. मुलाखत घेणारा अधिकारी हाच कागद पुढ्यात घेऊन बोलायला लागतो. कॉलेजच्या नावाला त्यात जेमतेम एक ओळ मिळते. खालचे रकाने मात्र त्या कॉलेजात काढलेल्या वर्षांनीच भरायचे असतात. म्हणून ‘कॉलेज कोणतं घेऊ?’ हा प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर दर पिढीला बदलत आलंय, कारण मुलांना कोणत्या वयात उचलायचं याबद्दल लष्कराचं मत बदलत आलंय.

इंग्रजांच्या काळात सुरुवातीला कॉलेजचा संबंधच नव्हता. 1918 पासून इंग्लंडमधल्या सँडहर्स्टच्या लष्करी अकॅडमीत भारतीयांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. त्या बड्या, राजनिष्ठ घराण्यांतल्या मुलांसाठी. 1922 मध्ये डेहराडूनला मिलिटरी कॉलेज निघालं, पण नावात कॉलेज असलं तरी ती शाळाच होती. पोरगं अकरा-बारा वर्षांचं असतानाच ताब्यात घ्यायचं आणि इंग्रजी पब्लिक स्कूलच्या साच्यातून सँडहर्स्टसाठी तयार करायचं, असा हिशोब. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचे 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागलं ते आजतागायत आहे. त्या घरांतल्या मुलांना शिपाई म्हणून भरती खुली होती. ऑफिसर व्हायची वाट ज्या शाळांतून जात होती, त्या त्यांच्या आवाक्यातल्या नव्हत्या.

कॉलेज या गोष्टीत शिरलं ते विद्यापीठांच्या पलटणींमुळे. 1917 मध्ये युद्धाच्या गरजेपोटी विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या तुकड्या निघाल्या, 1920 नंतर त्यांचं यूटीसी म्हणजे युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर झालं. कॉलेजच्या पोराच्या हाती कवायतीपुरती का होईना बंदूक आली. सरकारने नेमलेल्या स्कीन समितीने 1933 पर्यंत हिंदुस्थानातच सँडहर्स्टसारखी संस्था काढा असं सुचवलं होतं. ती एक वर्ष आधीच, 1 ऑक्टोबर 1932 ला, डेहराडूनला सुरू झाली. या इंडियन मिलिटरी अकॅडमीच्या (आयएमए) पहिल्या तुकडीत चाळीस जण होते: पंधरा खुल्या परीक्षेतून, पंधरा सैन्यातून, दहा संस्थानी फौजांतून. परीक्षेतून आलेल्यांत अमृतसरच्या हिंदू सभा कॉलेजातला एक पारशी मुलगा होता, सॅम माणेकशॉ. ते काही सरदार-दरकदारांच्या मुलांचं कॉलेज नव्हतं. नेमकं हेच नवं होतं.

नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे या अकॅडमीचा आराखडा ठरवणाऱ्या समितीत होते. त्यांना यातली मेख कळली असावी. अकॅडमी निघाली तरी तिथे पाठवायला पोरं आधी घडवायला लागतात. 1937 मध्ये त्यांनी नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल काढलं. मुंजे यांच्या राजकारणाबद्दल कुणाचं काहीही मत असो, ‘ऑफिसरची तयारी शाळेपासून’ हा विचार महाराष्ट्रात रुजला तो इथपासून.

स्वातंत्र्यानंतर जानेवारी 1949 मध्ये तिन्ही दलांच्या मुलांचं एकत्र प्रशिक्षण डेहराडूनला सुरू झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात नेहरूंच्या हस्ते खडकवासल्याला कोनशिला बसली आणि 1955 च्या जानेवारीत एनडीएचं, म्हणजे नॅशनल डिफेन्स अकॅडमीचं, उद्घाटन झालं. एनडीएने पदवीच्या कॉलेजचा प्रश्नच निकालात काढला. मुलगा थेट शाळेतून यायचा. पुढे जेएनयूची पदवीही तिथेच मिळायला लागली. एनडीएत निवड झाली की बाहेरच्या कॉलेजचं काम संपलं.

गंमत अशी की अकॅडमी पुण्याच्या वेशीवर आणि तिथे मराठी मुलं कमी. मराठा लाइट इन्फंट्री, महार रेजिमेंट या पलटणी जवानांनी भरलेल्या, ऑफिसर मात्र बाहेरचे. यावर उपाय म्हणून राज्य सरकारने 1977 मध्ये औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था काढली. सगळे तिला एसपीआय म्हणतात. दहावीनंतर लेखी परीक्षा आणि मुलाखत घेऊन मुलं निवडायची, दोन वर्षं वसतिगृहात ठेवायची. पहाटे पीटी, दिवसा अकरावी-बारावी सायन्स, बाकी वेळ एनडीएच्या लेखी परीक्षेची आणि एसएसबीची तयारी. आपल्याकडे अकरावीलाच ‘कॉलेज’ म्हणतात, हे एसपीआयच्या पथ्यावर पडलं. कॉलेज निवडायचा क्षण तिने पदवीवरून दहावीवर आणला. माझ्या मते महाराष्ट्रात या बाबतीत सरकारने केलेलं हे सगळ्यात शहाणपणाचं काम.

एनडीए हुकलेल्यांची कथा वेगळी, आणि कॉलेजचा खरा प्रश्न त्यांचाच. 1962 च्या चीन युद्धाने लष्कराला ऑफिसरांची टंचाई दाखवून दिली. 1963 मध्ये पुणे आणि मद्रास इथे ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल काढून पदवीधर तरुणांना घाईने कमिशन, म्हणजे ऑफिसरपद, देणं सुरू झालं. पुण्यातलं लवकरच बंद झालं, मद्रासचं आज चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमी (ओटीए) म्हणून उभं आहे. त्याच वर्षी कॉलेजातल्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. आज सत्तरी ओलांडलेले काका-आजोबा ‘आमच्या वेळी कंपल्सरी होती’ म्हणतात ती ही. कांजीने कडक झालेली खाकी, सैल बूट, ऊन आणि परेड. 1968 मध्ये सक्ती उठली आणि बहुतेकांनी सुटकेचा श्वास सोडला.

पण ऑफिसर होऊ पाहणाऱ्यासाठी या सुटकेनेच कॉलेजची निवड महत्त्वाची झाली. सक्ती असताना एनसीसी दारात यायची. ती ऐच्छिक झाल्यावर काही कॉलेजांत युनिट आहे, काही कॉलेजांत नाही, अशी स्थिती झाली. असलं तरी जागा मोजक्या. आर्मी विंग बऱ्याच ठिकाणी सापडते, नेव्हल आणि एअर विंग मोठ्या शहरांतल्या थोड्या कॉलेजांतच. ‘सी’ सर्टिफिकेटला, म्हणजे एनसीसीच्या सगळ्यात वरच्या प्रमाणपत्राला, पदवीची तीनही वर्षं लागतात. ते चांगल्या श्रेणीत मिळालं आणि पदवीला 50 टक्के असले, तर एनसीसी स्पेशल एंट्रीतून सीडीएसची, म्हणजे पदवीधरांना ऑफिसर होण्यासाठी असलेली, लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीचं बोलावणं येऊ शकतं. आयएमएच्या काही जागाही ‘सी’वाल्यांसाठी राखीव असतात. नावाजलेलं पण युनिट नसलेलं कॉलेज आणि तालुक्याचं पण जुनं, चालतं युनिट असलेलं कॉलेज यांत निवडायचं असेल, तर मी दुसरं घेईन. तिथे एनसीसी बघणारे सर कोण आहेत याची चौकशी मात्र आधी करीन. कागदावर युनिट आणि मैदानात शुकशुकाट, असंही असतं.

शाखेबद्दलचा गोंधळ अजून संपलेला नाही. पदवीनंतर भूदलात जायला कोणतीही पदवी चालते. आर्ट्सचा मुलगा आयएमएला जातो, कॉमर्सचाही जातो. नौदलाच्या अकॅडमीला सीडीएसमधून जायचं तर इंजिनिअरिंग लागतं. हवाई दलाच्या अकॅडमीला एक तर इंजिनिअरिंग, नाही तर बारावीला फिजिक्स-मॅथ्स असलेली कोणतीही पदवी. म्हणजे अकरावीला आर्ट्स घेताना ही दोन दारं बंद होतात, आणि प्रवेशाच्या धांदलीत ते घरात कुणाच्या लक्षात येत नाही. संरक्षणशास्त्र विषय घेतला की निवडीत वजन पडतं, हा समज तर घट्ट बसलाय. विषय चांगला आहे, पण त्याचे जादा गुण कुणी देत नाही. ज्या मुलाला एसएसबीची तयारी करायची आहे त्याला कॉलेजपेक्षा नाशिक रोडचं सरकारी छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र जास्त कामाला येतं. एसएसबीचं पत्र हातात असलेल्यांना तिथे फुकट तयारी करून घेतात.

मुलींसाठी हा सगळा इतिहास अलीकडेच सुरू होतो. 1992 मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय सेवेबाहेरचं भूदलाचं ऑफिसरपद उघडलं, तेही पदवीनंतर आणि ठरावीक मुदतीसाठी. त्यामुळे मुलीच्या बाबतीत प्रश्न नेहमी पदवीच्या कॉलेजचाच राहिला. ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एनडीएची परीक्षा मुलींना खुली केली, 2022 मध्ये 19 मुलींची पहिली तुकडी खडकवासल्यात दाखल झाली आणि मे 2025 मध्ये त्यातल्या 17 जणी पास आऊट झाल्या. 2023 मध्ये राज्य सरकारने नाशिकला मुलींसाठी वेगळी एसपीआय सुरू केली. त्यामुळे मुलींच्या घरातही ही चर्चा आता दहावीच्या निकालाआधीच सुरू व्हायला लागली आहे.

पदवीच्या कॉलेजात जाणाऱ्यांसाठी तारीख जुलै-ऑगस्टची. प्रवेश झाले की कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एनसीसी भरतीचा कागद लागतो, एखाद्या सकाळी सहाला मैदानावर धावायला बोलावतात, उंची मोजतात. ‘सी’साठी तीन वर्षं हवीत, म्हणून घेतात ते पहिल्या वर्षालाच. दुसऱ्या वर्षाची मुलं तिथे चौकशीला येतात आणि परत जातात.