इंटरनेटला शांततेचं नोबेल? खुलासा

‘२०१० साली नोबेल समितीने इंटरनेटला शांततेच्या पुरस्कारासाठी निवडलं होतं,’ असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं काही नव्हतं. इटलीतल्या ‘वायर्ड’ मासिकाने मोहीम काढली, शांततेचं नोबेल आधीच मिळालेल्या इराणच्या वकील शिरीन एबादींनी पाठिंबा दिला, नाव सुचवलं गेलं. एवढंच. नाव सुचवलं जाणं म्हणजे समितीने निवडणं नव्हे. खासदार, ठरावीक विषयांचे प्राध्यापक, माजी विजेते असे हजारो लोक सुचवू शकतात. त्या वर्षी २३७ नावं आली होती! शिवाय पुरस्कार व्यक्तीला किंवा संस्थेला मिळतो. इंटरनेट यांपैकी काय?

पुरस्कार मिळाला चीनचे लोकशाहीवादी लेखक लिऊ शियाओबो यांना. गंमत नव्हे, क्रूर योगायोग: त्यांना ११ वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा इंटरनेटवर टाकलेले त्यांचे लेखच पुरावा ठरले होते.