सेकिरोचा तोल, निओचा दम

‘सेकिरो’ आणि ‘निओ’ हे दोन्ही व्हिडिओ गेम तलवारीचे, दोन्ही सेंगोकू काळाच्या (जपानमधल्या यादवी युद्धांच्या काळाच्या) अखेरीचे आणि दोन्ही अवघड. दोन्हींत जिवाच्या पट्टीखेरीज आणखी एक पट्टी असते. ती हाताबाहेर गेली (सेकिरोत पूर्ण भरली, निओत रिकामी झाली) की काही क्षण काहीच करता येत नाही आणि समोरच्याला आयता वार मिळतो. त्यामुळे बरेच जण या दोन पट्ट्या एकच समजतात, आणि एका खेळात मुरलेला हात दुसऱ्या खेळात सारखा मरतो.

हा फरक मराठीत चटकन सांगता येतो. सेकिरोतली पट्टी म्हणजे तोल, निओतली म्हणजे दम. तोल समोरचा घालवतो, दम आपला आपणच खर्च करतो.

फ्रॉमसॉफ्टवेअरचा सेकिरो २०१९ सालचा. त्यातला नायक ‘लांडगा’ खरं तर सामुराई नाही, शिनोबी, म्हणजे निंजा आहे. कितीही वार करा, धावा, उड्या मारा, त्याला धाप लागत नाही. त्याची पट्टी भरते ती समोरच्याचे वार अंगावर घेतल्यावर किंवा अडवल्यावर. नुसता ब्लॉक धरून उभं राहिलात तर ती भराभर भरते. वार पडायच्या नेमक्या क्षणी बटण दाबलंत तर मात्र डिफ्लेक्ट होतो, म्हणजे वार परतवला जातो: तुमची पट्टी जराशी वाढते पण तोल ढळत नाही, आणि मारणाऱ्याचाच तोल जायला लागतो. म्हणजे इथे शत्रूचा हल्ला हीच तुमची संधी. मागे सरून दोन श्वास घ्यावेत, ही इतर खेळांत लागलेली सवय इथे नडते, कारण तेवढ्यात शत्रूचा तोल सावरतो. जीव कमी झालेल्या शत्रूचा तोल मात्र सावकाश सावरतो, म्हणून गेनिचिरो आशिनासारख्या बॉसला, म्हणजे मोठ्या शत्रूला, आधी थोडं जखमी करावं आणि मग अंगाला अंग भिडवून खेळावं. पडक्या देवळाशी हानबेई नावाचा न मरणारा गडी सरावाला उभा असतो. त्याच्यापाशी घालवलेला अर्धा तास पुढे फार उपयोगी पडतो.

टीम निंजाचा पहिला निओ २०१७ चा. त्याचा नायक विल्यम हा १६०० मध्ये जपानला पोहोचलेल्या विल्यम ॲडम्स या खलाशावर बेतलेला. इथली पट्टी ‘की’ची. ती भरलेली असते आणि वार, बगल देणं, धाव, अडवलेला घाव, सगळ्यांनी रिकामी होते. रिकामी झाली की विल्यम जागच्या जागी धापा टाकत राहतो. त्यावर उतारा म्हणजे ‘की पल्स’. वार संपताना अंगाभोवती निळसर प्रकाश गोळा होतो, तेव्हा बटण दाबलं की खर्चलेला बराचसा दम परत मिळतो. जपानीत या चालीला ‘झानशिन’ म्हणतात, म्हणजे वार झाल्यावरही टिकून राहिलेलं भान. मला हे नाव अगदी नेमकं वाटतं. योकाई, म्हणजे जपानी भुतंराक्षस, जमिनीवर काळपट डबकी पसरवतात, त्यात दम हळू भरतो, आणि की पल्सने ती विरतात. वर, मध्य आणि खाली असे तीन पवित्रे आहेत. वरचा जोरकस पण दम खाणारा, खालचा चपळ आणि काटकसरी.

साहित्याचं गणितही यातूनच निघतं. निओत अंगावरच्या साहित्याचं वजन तुमच्या क्षमतेच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवलं तर हालचाल सर्वांत हलकी राहते, ७० च्या पुढे गेलं की बगल महाग पडते. लूट, शस्त्रं, अमृता (शत्रू मारून मिळणारी शक्ती) खर्चून वाढवायची लेव्हल, सगळं काही तुमच्या दमाला आधार देतं, आणि अडकलेल्या बॉसपुढे लेव्हल वाढवून परत जाणं हा तिथे रीतसर उपाय आहे. सेकिरोत ही वाट बंद आहे. ना चिलखत, ना लेव्हल. चार जपमणी जमवले की जीव आणि तोल थोडा वाढतो, मोठ्या बॉसना हरवून मिळणाऱ्या स्मृतींनी वाराची ताकद वाढते, अनुभवातून मिळणाऱ्या कौशल्य गुणांनी नव्या चाली शिकता येतात, लांडग्याच्या कृत्रिम हातात नवी अवजारं येतात, एवढंच. उरलेली सगळी प्रगती तुमच्या बोटांत व्हावी लागते.

मेल्यावरचा हिशेबही वेगळा. निओत अमृता तुम्ही मेलात तिथल्या थडग्यापाशी राहते. पुन्हा न मरता तिथवर पोहोचलात तर ती परत मिळते. सेकिरोत बहुधा निम्मे पैसे आणि पुढच्या कौशल्य गुणासाठी साठलेला निम्मा अनुभव जातो, आणि तो आणायला जाता येत नाही.

निओवरून सेकिरोकडे वळत असाल तर पहिले दोन दिवस बगल देण्याचं बटण विसरून फक्त डिफ्लेक्टवर खेळा. उलट येत असाल तर प्रत्येक फटक्यांच्या मालिकेनंतर की पल्स, मग शत्रू मेलेला का असेना.