लडाखहून आलात? गाडी धुऊ नका, तशीच आणा

पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत आमच्या बाईक गॅरेजमध्ये एका विशिष्ट जातीच्या गाड्या येतात. पुण्याहून भुज, धोळावीरा, बाडमेर, जैसलमेर, मग अमृतसर, श्रीनगर, झोजिला, लेह, नुब्रा आणि मनालीमार्गे परत. मीटर सहा हजारांच्या आसपास पुढे सरकलेलं असतं, मालकाचं नाक सोललेलं असतं, आणि गाडी? गाडी चकाचक. आदल्या दिवशी वॉशिंग सेंटरला फोम वॉश, डिझेल स्प्रे, वर पॉलिश. एवढी घाण गाडी गॅरेजला कशी न्यायची, असा भिडस्त विचार त्यामागे असतो. पण आम्हाला नेमकी ती घाणच हवी असते.

कारण साधं आहे. धूळ तेलाला चिकटते. जिथे तेल नाही तिथली धूळ कोरडी असते, बोट फिरवलं की उडते. जिथे तेल अडवणारं सील पाझरतंय तिथे तीच धूळ काळी आणि चिकट होते. पुढच्या चिमट्याच्या, म्हणजे फोर्कच्या, नळीवर काळं कडं दिसलं, की फोर्कचं ऑइल सील गेलंय हे गाडी स्टँडवर लावायच्या आत कळतं. हेडचा गॅस्केट, ड्रेन बोल्ट, गिअर शाफ्टचं सील, सगळ्यांचं असंच. धुतलेल्या गाडीवर हे काहीच दिसत नाही. मग आम्हाला इंजिन पुसून, टाल्कम पावडर मारून, वीस-पंचवीस किलोमीटर चालवून पाहावं लागतं, आणि एवढं करूनही बारीक गळती पहिल्या फेरीत सापडेलच असं नाही. दहा मिनिटांच्या कामाला अर्धा दिवस जातो. तुमच्या गाडीचाही आणि रांगेत मागे उभ्या असलेल्यांचाही.

दुसरं नुकसान जास्त महागाचं. वॉशिंग सेंटरच्या गनमधलं पाणी इतक्या जोरात येतं की चाकाच्या बेअरिंगवरच्या सीलच्या कडेला बसलेली वाळू ते आत ढकलतं. हँडल ज्यावर फिरतं त्या कोनसेटमध्ये, मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या बुशमध्येही तेच. थरच्या वाळवंटातली वाळू मुख्यतः क्वार्ट्झची, मोहच्या काठिण्य-श्रेणीत ७ वर. सुरीचं पातं साधारण साडेपाचवर. ही वाळू ग्रीसमध्ये कालवली की बेअरिंगच्या आत पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. लेह-मनाली वाटेवरच्या बारालाचा खिंडीजवळच्या नाल्यांतून सुखरूप निघालेलं बेअरिंग घराजवळच्या धुलाईत गेलेलं आम्ही पाहिलंय. महिन्याभराने पुढच्या चाकातून घरघर सुरू होते आणि दोष लडाखच्या रस्त्यांवर जातो.

डिझेल स्प्रेबद्दल वेगळं सांगतो. गाडी चमकते, खरं आहे. पण त्याचा फवारा डिस्कवर उडाला आणि पॅडने तो शोषला, तर ब्रेक चिरकतो, नीट धरत नाही. ते पॅड घासून पुन्हा लावा असं कुणी सांगितलं तरी आम्ही लावणार नाही. नवेच टाकावे लागतात.

एक अपवाद मात्र आहे. कच्छमधल्या खावड्याहून धोळाविऱ्याला जाताना बहुतेक जण पांढऱ्या रणात गाडी उतरवून फोटो काढतात. तिथलं मीठ खाली चिकटलं असेल तर वाट पाहू नका. त्याच संध्याकाळी मुक्कामी साध्या नळीने, गोड्या पाण्याने, हळू धारेने खालचा भाग, स्पोक आणि चेन धुऊन घ्या. मीठ पुण्यापर्यंत आणलंत तर आमच्या हाती गंज मोजण्यापलीकडे काही राहत नाही.

"हवा कमी झालीय, पंक्चर बघा" हा आमच्याकडचा सगळ्यात नेहमीचा संवाद. बहुतेक वेळा पंक्चर नसतंच. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, पुणे साडेपाचशेच्या आसपास. गेज दाखवतो तो टायरच्या आतल्या आणि बाहेरच्या दाबातला फरक. लेहला बाहेरची हवा विरळ, इथे दाट. तिथे ३२ पीएसआय भरलेलं टायर इथे, तापमान सारखं धरलं तर, २८ च्या आसपास दाखवतं. इथल्या उकाड्याने त्यातलं थोडं भरून निघतं. नुब्रातल्या हुंदरच्या वाळूत मुद्दाम हवा काढली असेल आणि ती परत भरायला विसरला असाल, तर ती चूक मात्र तुमची. कमी हवेवर दिल्ली-पुणे हायवे मारलेलं टायर बाजूने तापून खराब होतं. ते आम्ही आतून उघडून बघतो.

एअर फिल्टर जैसलमेरला पंक्चरवाल्याकडच्या हवेने उडवून घेतला असेल तर आम्हाला आधीच सांगा. कागदी फिल्टर जोराच्या हवेने फाटतो आणि ती चीर डोळ्यांना सहज दिसत नाही. वाटेत ऑइल टॉप-अप केलं असेल तर बाटलीचा फोटो आणा. कारचं ऑइल पडलं असेल तर क्लच घसरू शकतो. ऑइल काळं झालं म्हणून घाबरून फोन करू नका, ते काळं व्हायचंच. चहासारखं दुधाळ दिसलं तर मात्र गाडी चालवत आणू नका, टेम्पोत घाला.

आता आमच्याबद्दलची तक्रार. "दोन दिवस ठेवली आणि पहिल्या दिवशी धुतलीसुद्धा नाही." बरोबर. पहिला दिवस बघण्याचा असतो. ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये काढून धातूचा चुरा येतो का ते पाहायला त्यात चुंबक फिरवतो. प्रत्येक स्पोकवर पाना वाजवतो. घट्ट स्पोक टण्ण वाजतो, सैल झालेला थप्प. लेह-मनाली रस्त्यावरच्या कच्च्या पट्ट्यांवरून आलेल्या चाकात असे तीन-चार थप्प निघतातच. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवतो. मधोमध खटका लागला की कोनसेट बदलायचा. हे सगळं झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्हीच गाडी धुतो, कमी धारेने, एअर फिल्टरचं तोंड आणि सायलेन्सर झाकून.

फोनवर खर्चाचा आकडा विचारू नका, आम्ही सांगत नाही. न बघता सांगितलेला आकडा एक तर तुम्हाला फसवतो, नाहीतर आम्हाला. तपासणीचे ८०० रुपये घेतो, काम आमच्याकडे केलंत तर ते बिलातून वजा. काढलेला प्रत्येक भाग परत देतो, हवा असो वा नसो. चेन-स्प्रॉकेट, पॅड आणि बेअरिंग मोसमात स्टॉकला ठेवतोच, त्यामुळे भाग मागवायला आठवडा गेला असं सहसा होत नाही.

आदल्या दिवशी फोन करून वेळ घ्या. गुरुवारी गॅरेज बंद. सॅडल बॅगा मात्र घरी रिकाम्या करून या. मागच्या मोसमात एका बॅगेच्या तळाशी लेहच्या जर्दाळूंची पिशवी राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्यांची रांग बॅगेपासून थेट हत्यारांच्या ट्रॉलीपर्यंत गेली होती.